हौदाचा उच्छ्वास आणि महासागराचा श्वास

पुण्याची सदाशिव पेठ थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळात वसली. पानिपतावर धारातीर्थी पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव तिला मिळाले. वस्ती वाढली तशी पाण्याची निकडही वाढली. त्याआधी नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून दगड-चुन्याच्या बंदिस्त नळाने शहरात पाणी आणले होते. पुढे नाना फडणवीसांच्या काळात नऱ्हे-आंबेगावच्या बाजूने दुसरा नळ आला आणि सदाशिव पेठेच्या हौदाला पाणी मिळाले. डोंगरातले पाणी जमिनीखालून कैक मैल चालत पेठेत यायचे आणि घागरीत पडायचे. भरणाऱ्याला दिसे तो फक्त हौद. पाण्याचा प्रवास त्याला दिसत नसे.

या नळांच्या वाटेवर ठिकठिकाणी उंच, पोकळ मनोरे बांधलेले होते. त्यांना ‘उच्छ्वास’ म्हणत. नळात कोंडलेली हवा त्यांतून मोकळी होई आणि पाण्याचा ओघ अखंड राही. बांधणाऱ्यांना एक गोष्ट नेमकी ठाऊक होती. हौदातले पाणी जिवंत राहते ते हौदाच्या भिंतींमुळे नव्हे, तर दुरून येणाऱ्या ओघामुळे. ओघ मंदावला की पाणी साचते, साचलेले पाणी कुजते आणि कुजलेल्या पाण्यात श्वास उरत नाही.

हाच नियम महासागरालाही लागू आहे, फक्त त्याचे माप निराळे. तिथे हौद हजारो मीटर खोल आहे, नळ हजारो किलोमीटर लांब आहे आणि उच्छ्वास पृथ्वीच्या दोन टोकांना, ध्रुवांजवळ आहेत. त्या उच्छ्वासांच्या कामात गेल्या काही दशकांत बिघाड दिसू लागला आहे. पुण्याच्या माणसाला ही गोष्ट दूरदेशीची वाटणे स्वाभाविक आहे. पण नकाशा वेगळेच सांगतो.

एक सरळ रेषा

पुणे शहर पूर्व रेखांश ७३ अंश ५१ मिनिटांच्या आसपास आहे. सदाशिव पेठेतून या रेखांशावर थेट दक्षिणेकडे निघावे. सह्याद्रीच्या आधाराने रेषा गोव्यात उतरते, पणजीजवळून जाते आणि वास्को-द-गामाच्या परिसरात समुद्राला मिळते. पुढे मालदीवच्या बेटांजवळून ती विषुववृत्त ओलांडते. त्यानंतर हजारो किलोमीटर फक्त पाणी. वाटेत बर्फाच्छादित, निर्मनुष्य हर्ड बेट तेवढे जवळ येते. शेवटी, निघाल्यापासून सुमारे ९,७०० किलोमीटरांवर, रेषा अंटार्क्टिकाच्या प्रिड्झ उपसागराला टेकते.

याच उपसागराच्या किनाऱ्यावर, लार्समन टेकड्यांत, भारताचे ‘भारती’ हे संशोधन केंद्र मार्च २०१२ मध्ये सुरू झाले. त्याच्या पश्चिमेला आमेरी हा प्रचंड हिमस्तर समुद्रावर तरंगतो आणि त्याच्याही पलीकडे केप डार्नली हे भूशिर आहे. महासागराच्या तळाला प्राणवायू पुरवणाऱ्या मोजक्या ठिकाणांपैकी एक इथे आहे. म्हणजे सदाशिव पेठेच्या बरोबर दक्षिणेला, त्याच रेखांशाच्या परिसरात, पृथ्वीचा एक उच्छ्वास आहे.

तळाशी थंडी कुठून आली?

खोल समुद्राचे कोडे माणसाला पडले त्याला पावणेतीनशे वर्षे होत आली. कात्रजचा नळ पुण्यात पाणी आणत होता त्याच सुमारास, १७५१ साली, हेन्री एलिस या इंग्रज कप्तानाने अटलांटिकच्या उष्ण भागात दोरीला झडपांचे भांडे बांधून ते खोल सोडले. वरचे पाणी २९ अंश सेल्सिअसच्या घरात होते. दीड किलोमीटरहून खोलचे पाणी मात्र १२ अंशांच्या आसपास निघाले. वर सूर्य तळपत असताना खाली इतकी थंडी कशी? एलिसने त्या पाण्याचा उपयोग जहाजावर स्नानासाठी आणि पेये गार करण्यासाठी केला आणि प्रश्न पुढच्यांसाठी सोडून दिला.

उत्तर सुचले ते काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाला, १७९७ च्या सुमारास. हे पाणी तिथे थंड झालेलेच नाही. ते ध्रुवांकडून तळातळाने आलेले आहे, असा तर्क त्याने मांडला. पुढच्या दोन शतकांत मोजणी होत गेली आणि तो तर्क खरा ठरला. आज हिंदी महासागराच्या तळाचे पाणी एक-दोन अंशांचे आहे. विषुववृत्ताखालीही तळाशी ध्रुवाचाच गारवा पसरलेला असतो.

हे पाणी बुडते कसे, हे समजण्यासाठी दोन गोष्टी ध्यानी घ्याव्या लागतात. पहिली, थंड पाणी जड असते. दुसरी, खारट पाणी जड असते. स्वयंपाकघरातली साधी ओळख पुरेशी आहे. पेल्यात मीठ घातलेले कोकमाचे आगळ घ्यावे आणि चमच्याच्या पाठीवरून अगदी सावकाश साधे पाणी सोडावे. तांबडे आगळ तळाशी राहते, स्वच्छ पाणी वर राहते आणि दोहोंमध्ये स्पष्ट रेघ दिसते. ढवळल्याशिवाय ती रेघ सहजी मोडत नाही.

अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात नेमके खारट आणि थंड पाणी तयार होते. हिमखंडाच्या उंच पठारावरून अतिशीत वारा समुद्राकडे कोसळतो आणि किनाऱ्यालगतचे कोवळे बर्फ पुढे लोटून देतो. मागे उघडे पाणी राहते. बर्फाच्या मधोमध उघड्या राहणाऱ्या अशा जागेला ‘पोलिन्या’ म्हणतात. उघडे पाणी पुन्हा गोठते, वारा ते बर्फ पुन्हा लोटतो. समुद्राचे पाणी उणे १.९ अंशांजवळ गोठते आणि गोठताना आपल्यातले बहुतेक मीठ बाहेर टाकते. त्यामुळे उरलेले पाणी अधिकाधिक खारट, अधिकाधिक जड होत जाते आणि अखेर उतारावरून घसरत समुद्राच्या तळाशी जाते. वेडेल समुद्र, रॉस समुद्र आणि आदेली किनारा ही अशा पाण्याची तीन उगमस्थाने पूर्वीपासून ठाऊक होती. केप डार्नली हे चौथे उगमस्थान २०१३ साली जपानी शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने नक्की झाले.

या शोधामागे एक वेधक कथा आहे. हिवाळ्यातल्या त्या काळोख्या, बर्फाने झाकलेल्या समुद्रात जहाज नेणे जवळजवळ अशक्य. तेव्हा तळाशी नांगरलेल्या उपकरणांच्या जोडीला एलिफंट सील या प्राण्यांची मदत झाली. त्यांच्या डोक्यावरच्या केसांना तापमान आणि क्षारता मोजणारे छोटे उपकरण चिकटवतात. सील अन्नासाठी खोल बुडी मारते, वर येते, आणि उपकरण उपग्रहाला मोजमाप कळवते. वर्षातून एकदा सीलची कात गळते, तेव्हा ते उपकरणही आपोआप गळून पडते. माणसाला जिथे पोहोचता येत नाही तिथली बातमी एका मुक्या जीवाने आणली.

खोल समुद्राचा जमाखर्च

आता प्राणवायूचा हिशेब पाहू. व्यापारी घरातल्या माणसाला तो चटकन उमगेल.

समुद्राला प्राणवायूची आवक दोनच मार्गांनी होते. एक, पृष्ठभागाला लागून असलेल्या हवेतून. दुसरी, सूर्यप्रकाशात वाढणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींकडून. सूर्यप्रकाश शे-दोनशे मीटरांच्या खाली पोहोचत नाही. हवाही तिथे थेट पोहोचत नाही. म्हणजे खोल समुद्राची स्वतःची कमाई शून्य. खर्च मात्र रोजचा आहे. वरून मेलेले सूक्ष्मजीव, विष्ठा आणि कुजका कचरा सतत पावसासारखा खाली पडत असतो. जिवाणू तो कुजवतात आणि त्यासाठी प्राणवायू खर्ची घालतात. मासे, कोलंबी, जेली, कृमी या सर्वांचा श्वासही त्याच शिलकेतून चालतो.

शिल्लक टिकते ती ध्रुवांकडून येणाऱ्या भरण्यामुळे. थंड पाण्यात वायू अधिक विरघळतो. शून्य अंशाच्या एक लीटर समुद्रजलात सुमारे आठ मिलिलीटर प्राणवायू मावतो; तीस अंशाच्या पाण्यात साडेचार मिलिलीटरही मावत नाही. ध्रुवाजवळ पाणी हवेतून भरभरून श्वास घेते आणि तो श्वास उराशी धरून बुडते. अंटार्क्टिकाभोवती दरवर्षी सुमारे अडीचशे लाख कोटी टन पाणी असे खोल जाते. उत्तरेला ग्रीनलंड आणि लाब्राडोरच्या समुद्रांतही पाणी बुडते. हे सर्व पाणी महासागरांच्या तळातून फिरत फिरत पुन्हा वर यायला शेकडो वर्षे घेते. संपूर्ण फेरा सुमारे हजार वर्षांचा मानतात. म्हणजे आज तळाशी जो प्राणवायू खर्च होतो आहे तो कित्येक पिढ्यांपूर्वी ध्रुवावर जमा झालेला आहे. खोल समुद्र पूर्वजांच्या ठेवीवर जगतो.

गल्लीच्या टोकाचे घर

ही ठेव सर्वांना सारखी मिळत नाही. हौदापासून दूरच्या, गल्लीच्या टोकाच्या घराला जसे पाणी शेवटी आणि कमी मिळे, तशी गत अरबी समुद्राची आहे. अटलांटिक आणि पॅसिफिक उत्तरेकडे थंड प्रदेशांपर्यंत पसरलेले आहेत. हिंदी महासागराला मात्र उत्तरेला आशिया खंडाची भिंत आहे. त्यामुळे अरबी समुद्राला खोलचा ताजा श्वास एकाच दिशेने, दक्षिणेकडून मिळतो. इराणचे आखात आणि तांबडा समुद्र यांतून थोडे खारट पाणी येते, पण मुख्य पुरवठा दक्षिणेचाच.

हा पुरवठा दोन मजल्यांवर होतो. अगदी तळाशी अंटार्क्टिकाचे जड पाणी पसरते. म्हणून दीड-दोन हजार मीटरांच्या खाली अरबी समुद्रात प्राणवायू पुरेसा आढळतो. त्यावरच्या मजल्यावर, काहीशे मीटर खोलीवर, दक्षिण महासागराच्या उत्तर कडेला चाळीस-पन्नास अक्षांशांदरम्यान हिवाळ्यात थंड होऊन बुडालेले पाणी येते. ते इतका लांबचा प्रवास करून विषुववृत्त ओलांडेपर्यंत त्यातला बराच प्राणवायू वाटेतच संपलेला असतो. आणि अरबी समुद्रात पोहोचल्यावर त्याच्यापुढे मोठा खर्च उभा असतो. मोसमी वाऱ्यांमुळे इथे पोषकद्रव्ये वर येतात, सूक्ष्म वनस्पती उदंड वाढतात आणि तितकाच कचरा खाली पडतो. आवक थोडी, खर्च मोठा. परिणामी सुमारे १५० मीटरांपासून हजार-बाराशे मीटरांपर्यंत प्राणवायूचे प्रमाण अतिशय कमी असते. त्यातल्या वरच्या भागात तर ते जवळजवळ शून्यावर येते. जगातल्या सर्वांत मोठ्या आणि तीव्र प्राणवायू-दुर्भिक्षाच्या पट्ट्यांपैकी हा एक. मुंबई, रत्नागिरी, मालवणच्या पश्चिमेला, क्षितिजापलीकडे, निळ्या पाण्याखाली तो पसरलेला आहे.

१९३३-३४ मध्ये ‘मबाहिस’ या इजिप्तच्या जहाजावरून जॉन मरे मोहीम निघाली. तिचे प्रमुख सेमूर स्यूएल हे भारताच्या प्राणिसर्वेक्षण खात्याचे माजी संचालक. अरबी समुद्रात ठराविक खोलीच्या पट्ट्यात तळ खरवडला असता प्राणी जवळजवळ सापडेनात, अशी नोंद या मोहिमेने केली. पुढे १९६० च्या दशकातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेने या समुद्राचे पद्धतशीर मोजमाप केले. तिच्यातूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. ही संस्था गोव्यात दोनापावला येथे, पुण्याहून निघालेल्या त्याच रेखांशाजवळ आहे. अरबी समुद्राच्या श्वासाची नाडी तपासण्याचे काम तिथे अर्धशतकाहून अधिक काळ चालू आहे.

श्वास संपल्यावर काय होते?

प्राणवायू संपला म्हणून जिवाणू थांबत नाहीत. ते नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरू लागतात आणि नायट्रोजन वायू सोडतात. वनस्पतींचे खत अशा रीतीने समुद्रातून उडून जाते. मोकळ्या महासागरात हे मोठ्या प्रमाणावर घडणारी तीनच क्षेत्रे आहेत: पूर्व पॅसिफिकमधली दोन आणि तिसरा अरबी समुद्र. या प्रक्रियेत नायट्रस ऑक्साइडही तयार होतो. शंभर वर्षांच्या मापाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता अडवतो. म्हणजे श्वास कमी झाला की ताप वाढवणारा वायू वाढतो आणि ताप वाढला की श्वास आणखी कमी होतो.

ही गोष्ट खोल समुद्रापुरती राहत नाही. पावसाळ्यात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर खालचे, प्राणवायू कमी असलेले पाणी वर सरकते आणि किनाऱ्यालगतच्या उथळ तळावर पसरते. दोनापावला येथील संस्थेचे डॉ. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांचे सहकारी यांनी २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात या किनारपट्टीवरील नायट्रस ऑक्साइडच्या वाढत्या निर्मितीची नोंद प्रसिद्ध केली. गोव्याच्या कांदोळी गावासमोरच्या उथळ समुद्रात ही संस्था वर्षानुवर्षे नियमित नमुने घेते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तिथे तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपतो आणि कधी कधी सडक्या वासाचा हायड्रोजन सल्फाइडही आढळतो. किनाऱ्यावर पर्यटकांचा हंगाम सुरू होत असतो आणि काही किलोमीटरांवर, वीस-तीस मीटर पाण्याखाली, जीवांचा श्वास कोंडलेला असतो. ज्यांना हलता येते ते हलतात; ज्यांना येत नाही ते तिथेच संपतात.

ओघ मंदावतो आहे

हा पट्टा निसर्गतःच आहे. तो माणसाने निर्माण केलेला नाही. प्रश्न आहे तो ओघात होणाऱ्या बदलाचा.

अंटार्क्टिकाचे हिम वितळते आहे आणि त्याचे गोडे पाणी किनाऱ्यालगतच्या समुद्रात मिसळते आहे. आगळावर सावकाश सोडलेल्या साध्या पाण्यासारखे ते वर तरंगते, खालच्या पाण्याची क्षारता घटवते आणि बुडण्याची क्रिया अडवते. प्रिड्झ उपसागरात हे प्रत्यक्ष दिसून आले आहे. तिथल्या हिमस्तरांखालून येणारे वितळलेले पाणी जड पाण्याच्या निर्मितीला मागे खेचते, असे सीलनी आणलेल्या मोजमापांवरून २०१६ साली दाखवण्यात आले. ‘भारती’ केंद्राच्या दाराशीच घडणारी ही गोष्ट आहे.

हिंदी महासागराच्या आग्नेय भागातल्या ऑस्ट्रेलियन-अंटार्क्टिक खोऱ्यातही बदल मोजला गेला आहे. १९९० च्या दशकाच्या प्रारंभापासून २०१७ पर्यंत तिथला तळाचा ओघ सुमारे ३० टक्क्यांनी मंदावला आणि खोल पाण्यातला प्राणवायू घटला, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. मधल्या काही वर्षांत वारे आणि बर्फ यांच्या अनुकूलतेने ओघ थोडा सावरलाही. पण एकूण कल उतरता आहे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासाने संगणकीय प्रारूपावरून अंदाज मांडला, की उत्सर्जन असेच राहिले तर २०५० पर्यंत अंटार्क्टिकाभोवतीचा खोल ओघ ४० टक्क्यांहून अधिक घटू शकतो. २०२३ च्याच सप्टेंबरात अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्री बर्फाचा हिवाळी विस्तार १ कोटी ७० लाख चौरस किलोमीटरांच्याही आत राहिला. उपग्रहांच्या नोंदी सुरू झाल्यापासूनचा तो नीचांक होता.

वरच्या बाजूनेही कोंडी होत आहे. वातावरणात अडकलेल्या अतिरिक्त उष्णतेपैकी सुमारे ९० टक्के उष्णता महासागर शोषतात. गरम झालेला वरचा थर हलका होतो, खालच्या थरात मिसळत नाही आणि त्यात वायूही कमी मावतो. पुण्यात १९६२ पासून काम करणाऱ्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने या बाबतीत मोलाचे संशोधन केले आहे. डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की पश्चिम हिंदी महासागराचे पृष्ठजल १९०१ ते २०१२ या काळात उन्हाळी महिन्यांत १.२ अंशांनी तापले. आणि सहा दशकांत तिथल्या सूक्ष्म वनस्पतींचे प्रमाण काही भागांत २० टक्क्यांपर्यंत घटले.

एकूण महासागरांचा हिशेब २०१७ साली जर्मन शास्त्रज्ञांनी मांडला. १९६० नंतर जगाच्या समुद्रांनी आपल्या प्राणवायूपैकी २ टक्क्यांहून अधिक गमावला आहे. दोन टक्के ही तूट व्यापारात किरकोळ वाटेल. पण ज्या खात्यावर शिल्लक आधीच नाममात्र आहे, तिथे दोन टक्के म्हणजे दिवाळे. ओमानच्या आखातात पाण्याखाली आपोआप फिरणारी यंत्रे सोडली असता, स्कॉटलंड देशाहून मोठ्या क्षेत्रात जवळजवळ प्राणवायूच नसल्याचे २०१८ मध्ये समोर आले.

गाळातली खतावणी

अशा उलथापालथी पूर्वीही झाल्या आहेत आणि त्यांची नोंद अरबी समुद्राने स्वतःच ठेवली आहे. जिथे तळाशी प्राणवायू असतो तिथे कृमी आणि शिंपले गाळ उकरतात, थर एकमेकांत मिसळतात. जिथे प्राणवायू नसतो तिथे उकरायला कोणी नसते; वर्षानुवर्षांचे थर वहीच्या पानांसारखे एकावर एक शाबूत राहतात. या खतावणीचे वाचन केल्यावर असे दिसले, की हिमयुगात ज्या ज्या वेळी उत्तर अटलांटिक अचानक थंड झाला आणि तिथले पाणी बुडणे मंदावले, त्या त्या वेळी भारताकडचा मोसमी पाऊसही दुर्बल झाला होता. ध्रुवाजवळचा ओघ आणि दख्खनचे पर्जन्य यांचे खाते एकाच वहीत आहे, याचा हा पुरावा.

म्हणून उत्तर अटलांटिककडेही जगाचे लक्ष आहे. तिथला ओघ या शतकात क्षीण होईल, असे हवामानबदलाविषयीच्या आंतरशासकीय मंडळाने २०२१ च्या अहवालात म्हटले आहे. तो २१०० पूर्वी अचानक कोसळणार नाही असा मंडळाचा मध्यम विश्वासाचा निष्कर्ष आहे. हा दिलासा आहे, हमी नव्हे. लक्ष्मी रस्त्यावरचे कापडाचे दुकान असो की मार्केट यार्डातला धान्याचा गाळा, दोन्हींची दिवाळी आधी पावसावर ठरते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला मध्यम विश्वास आणि हमी यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

नाडी पाहणारे

भारताचे या कामाशी नाते गोव्यातून जुळले. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली भारतीय मोहीम ‘पोलर सर्कल’ या जहाजावरून गोव्याहून अंटार्क्टिकाकडे निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तिथे उतरली. कासिम हे त्याआधी दोनापावलाच्या संस्थेचे संचालक होते. १९९८ मध्ये वास्को येथे ध्रुवीय संशोधनाचे स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र आले. २००४ पासून ‘सागर कन्या’ या संशोधन-नौकेने आरंभ करून दक्षिण महासागराच्या भारतीय मोहिमा सुरू झाल्या. उत्तर ध्रुवाकडे २००८ पासून ‘हिमाद्री’ केंद्र काम करते. हैदराबादच्या राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रामार्फत भारत आर्गो या जागतिक उपक्रमातही सहभागी आहे. आर्गोचे सुमारे चार हजार तरते दोन हजार मीटर खोल जाऊन वर येतात आणि मोजमाप कळवतात. त्यांतले काही आता प्राणवायूही मोजतात.

मोजमाप हा उपाय नव्हे; पण मोजल्यावाचून उपाय सुचत नाही. रोजमेळ न लिहिणाऱ्या पेढीला तोटा कळतो तो पेढी बसल्यावर.

ठेव कोणाची?

उपाय दोन पातळ्यांवर आहेत. किनाऱ्यालगतच्या श्वासकोंडीत सांडपाणी आणि खतांचा नायट्रोजन भर घालतो. तो थांबवणे शहरांच्या आणि शेतीच्या हातात आहे. पुण्याची मुठा अरबी समुद्राला मिळत नाही. ती भीमेतून, कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाते. पण तिथेही खोल पाण्यात प्राणवायूची शिल्लक शून्याच्या काठावर आहे. म्हणजे पेठेतले न शुद्ध केलेले पाणी अखेरीस एका दमलेल्या समुद्राच्याच पदरात पडते. दुसरी पातळी कोळसा आणि तेलाच्या धुराची. तिथे एका घराचा वाटा लहान, पण एका देशाचा मोठा. छपरावरचे सौर पॅनेल, गोदामातली वीज, मालवाहतुकीचा मार्ग हे व्यापाऱ्याचे रोजचे निर्णय आहेत आणि त्यांची बेरीज कुठेतरी प्रिड्झ उपसागरात होते.

या विषयात काळाचे माप मनाला चटकन पेलत नाही. आज ध्रुवावर जो श्वास घेतला जाईल तो खोल समुद्राला शतकांनी पोहोचेल. आज जो घेतला जाणार नाही त्याची उणीवही शतकांनीच जाणवेल. पण ज्या घरांत आजोबांनी लावलेल्या दुकानाची पाटी नातू पुसतो, आणि पाणी गाळण्याचे फडके सासूकडून सुनेकडे येते, तिथे हे माप अगदीच परके नाही. न दिसणाऱ्या जीवांची काळजी आणि न पाहिलेल्या पिढीसाठी ठेव, या दोन्ही गोष्टी त्या घरांत चालत आलेल्या आहेत.

कात्रजचे आणि नऱ्ह्याचे नळ बांधणारे कारागीर सदाशिव पेठेत पाणी भरायला आले नसतील. त्यांनी डोंगराच्या पायथ्याशी चुना कालवला, उच्छ्वास उभे केले आणि ते निघून गेले. पुढच्या कित्येक पिढ्यांनी त्या पाण्यावर घागरी भरल्या. आज हौदावर कोणी जात नाही. घराघरांत नळ आला आहे. पण पेठेच्या थेट दक्षिणेला, साडेनऊ हजार किलोमीटरांहून दूर, हिवाळ्याच्या अंधारात वारा अजून बर्फ लोटतो आहे, पाणी अजून बुडते आहे. तो उच्छ्वास माणसाने बांधलेला नाही. तो बुजू न देणे मात्र माणसाच्या हाती आहे.